लांबून टाळ्या, जवळून जाब : द्युती चंद, मे २०१९

'कमिंग आऊट'ला मराठीत सरळ शब्द नाही. आपल्याकडे भानगड बाहेर येते, प्रकरण बाहेर येतं, पोटातलं ओठावर येतं. माणूस आपणहून बाहेर येतो असं आपण म्हणत नाही. म्हणूनच एखाद्या खेळाडूने 'मी समलिंगी आहे' असं सांगितलं की मराठी बातमीदाराच्या हाताला पटकन 'कबुली' हा शब्द लागतो. कबुली देतो तो आरोपी, तीही बहुधा पोलीस कोठडीत. बातमी कितीही सहानुभूतीने लिहिलेली असो, त्या एका शब्दाने वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यासमोर बसवलेलं असतं.

धावपटू द्युती चंदच्या बाबतीत तर या शब्दामुळे घटनेचा क्रमच उलटा होतो. तिने गुन्हा कबूल केला नव्हता. आपल्याला कुणीतरी धमकावतंय, अशी तक्रार तिने केली होती, आणि ती करायची तर धमकी कशाची हे सांगणं भाग होतं.

१९ मे २०१९ च्या रविवारी 'द इंडियन एक्सप्रेस'ने तिची मुलाखत छापली. भारतातली सगळ्यात वेगवान धावपटू, वय २३. आपल्याच गावाकडच्या एका मुलीवर आपलं प्रेम आहे, कुणाबरोबर राहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मुलीचं नाव तिने सांगितलं नाही. तिच्यामागे विनाकारण कॅमेरे लागू नयेत हे कारण तिने दिलं. नंतर ते नाव फुटलंच. या लेखात मात्र ते येणार नाही.

बातमी देशभर फिरली ती 'समलिंगी असल्याचं जाहीर करणारी पहिली भारतीय खेळाडू' या पट्टीखाली. पट्टी सोयीची होती, पण दोन दिवसांनी भुवनेश्वरमध्ये पत्रकारांसमोर द्युती जे बोलली त्याच्याशी तिचा फारसा मेळ बसत नव्हता. थोरली बहीण आपल्याला ब्लॅकमेल करत होती, २५ लाख रुपये मागत होती, एकदा तिने मारहाणही केली आणि आपण पोलिसांना कळवलं होतं, असे आरोप तिने केले. या दबावापायीच नातं जाहीर करावं लागलं, असं ती म्हणाली. बहिणीने हे फेटाळलं. हे द्युतीचे शब्द नाहीत, त्या मुलीच्या घरचे द्युतीवर दबाव आणताहेत, त्यांचा डोळा पैशावर आणि मालमत्तेवर आहे, असं बहिणीचं म्हणणं. कुणाचं खरं याचा निवाडा इथे करता येणार नाही, आणि या अभ्यासाला त्याची गरजही नाही. दोन्ही बाजूंच्या तोंडी पहिल्या दिवसापासून पैसा होता, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

घर

चाका गोपालपूर हे ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातलं विणकरांचं गाव. आई-वडील मागावर बसणारे, घरात सात भावंडं. पहिल्यांदा धावली ती थोरली बहीण. तिला खेळाच्या जोरावर पोलिसात नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग द्युती पळायला लागली. पुढे ज्या बहिणीवर आरोप झाले, मैदानाचा रस्ता तिनेच दाखवला होता. हे विसरून या प्रकरणातला कडवटपणा समजत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत द्युतीने १०० आणि २०० मीटरमध्ये दोन रौप्यपदकं मिळवली. ओडिशा सरकारने एका पदकाचे दीड कोटी, असे एकूण तीन कोटी रुपये जाहीर केले. मागावर पोट भरणाऱ्या घरात तीन कोटी म्हणजे काय, हे शब्दांत मांडायची गरज नाही. अशा घरात धावणारी मुलगी नुसती मुलगी राहत नाही. ती घरातलं एकमेव बारमाही पाण्याचं शेत होते. ती कुणाबरोबर राहणार या प्रश्नाला आपोआप दुसरा प्रश्न चिकटतो : मग पाटाचं पाणी कुणाच्या रानात वळणार? आपल्याकडेही कमावत्या मुलीचं लग्न 'अजून घाई काय आहे' म्हणत लांबवणारी घरं आहेत. माझं मत असं, की द्युतीने एखादा मुलगा पसंत केला असता तरी या घरात वाद झाला असता. तेव्हा त्याला घरगुती भांडण म्हणाले असते. इथे जोडीदार मुलगी निघाली आणि भांडणाला हत्यार मिळालं.

हत्यार कसं, ते पाहण्यासारखं आहे. हे नातं ठेवलंस तर तुला तुरुंगात धाडीन, अशी धमकी बहिणीने दिल्याचं द्युतीने मुलाखतीत सांगितलं होतं. हे बोलणं २०१९ मधलं. त्याआधी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली, प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले होते. जकार्ताच्या २०० मीटरच्या अंतिम शर्यतीला तेव्हा आठवडा झाला होता. म्हणजे धमकी कायद्याने पोकळ होती. पण कायदा दिल्लीत बदलला म्हणून चाका गोपालपूरच्या ओसरीवरही लगेच बदलतो असं नाही. तुरुंगाची भीती तिथे जुन्याच भावाने चालत होती. फरक इतकाच की द्युतीला नवा भाव माहीत होता. आईशी बोलतानाही तिने न्यायालयाचा आधार दिला.

आणि आईची हरकत? या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला भाग तोच आहे. आईने पत्रकारांना सांगितलं की ती मुलगी माझ्या भाचीची मुलगी आहे, म्हणजे माझी नात. द्युती तिला आईसारखी लागते, मग हे नातं कसं चालेल? इंग्रजी वृत्तपत्रांनी हे वाक्य छापलं आणि पुढे गेली. परदेशी वाचकाला त्यात फारसं काही सापडलंही नसेल. मराठी वाचकाला मात्र ते लगेच उमगावं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते आणि मावशीची चालत नाही. 'नात्यात कोण लागते' या प्रश्नावर ठरलेली लग्नं मोडतात. आईच्या हिशेबात द्युती त्या मुलीची मावशी होती, आणि मावशी म्हणजे आईच. तिने धर्म काढला नाही, निसर्गाचे नियम काढले नाहीत, 'ही पाश्चात्त्य थेरं' असंही त्या वाक्यात नव्हतं. तिने नात्यांचा तक्ता काढला.

आईचा विरोध यामुळे सौम्य ठरतो असं मी म्हणणार नाही. मुलगी मुलीबरोबर राहणार हे तिला पचलं नव्हतंच. पण माणूस न पचलेली गोष्ट हाताशी असलेल्या भाषेतच नाकारतो, आणि त्या माउलीच्या हाताशी नात्याची भाषा होती. तिच्याशी बोलायला कुणी गेलंच, तर 'तुमचे विचार मागासलेले आहेत' या वाक्याने सुरुवात करून भागणार नव्हतं. आधी त्या तक्त्यावर बोलावं लागलं असतं.

गावाचा सूर सरळ होता : हिने नाव काढलं आणि हिनेच घालवलं.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न

गावात आणि गावाबाहेरही या बातमीखाली एक जुनी बातमी दबलेली होती. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेला निघायच्या ऐन तोंडावर द्युतीला संघातून वगळण्यात आलं. तिच्या शरीरात नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाण ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने महिलांसाठी घातलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं, हे कारण. औषधं किंवा शस्त्रक्रिया करून ते खाली आण, मग धाव, असा पर्याय होता. अठरा वर्षांच्या मुलीने तो नाकारला आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. २७ जुलै २०१५ रोजी लवादाने तो नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा महासंघाने आणलेला नाही, असं लवादाचं म्हणणं. पुढच्याच वर्षी ती रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर धावली. १९८० मध्ये मॉस्कोत पी. टी. उषा धावली होती, त्यानंतर ही शर्यत धावणारी ती पहिली भारतीय महिला. २०१८ मध्ये महासंघाने नवे नियम आणले, तेही ४०० मीटर ते एक मैल एवढ्या अंतरापुरते. द्युतीच्या शर्यती त्यात बसत नव्हत्या.

तर २०१४ मध्ये लोकांनी विचारलं होतं : ही मुलगी आहे की मुलगा? २०१९ मध्ये तिने आपलं प्रेम मुलीवर आहे म्हटलं आणि अनेकांना वाटलं, पाहा, उत्तर मिळालं. इथे गफलत आहे. शरीरात कोणतं संप्रेरक किती बनतं, माणूस स्वतःला बाई मानतो की पुरुष, आणि त्याचं मन कुणावर जडतं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी. पहिलीवरून तिसरी काढता येत नाही आणि तिसरीवरून पहिली तर नाहीच. ज्यांनी तिला शिव्या दिल्या त्यांनी ही गल्लत केलीच, पण कौतुक करणाऱ्या कित्येक लेखांतही हे दोन लढे एकाच वाक्यात 'लिंगाच्या चौकटी मोडणारी' म्हणून गुंडाळले गेले. ती स्वतः चौकट मोडायला निघाली नव्हती. दोन्ही वेळा ती महिलांच्या शर्यतीत महिला म्हणून धावण्याचा साधा हक्क मागत होती.

हे लक्षात घेतलं की २०१९ मधलं तिचं धैर्य कुठून आलं याचाही अंदाज येतो. पाच वर्षांपूर्वी अनोळखी लोकांनी तिच्या शरीराची जाहीर चर्चा केली होती. त्याहून खासगी काय उरलं होतं? शिवाय गप्प राहिलो तर आपली गोष्ट दुसरेच सांगतात, हा धडा तिने एकदा घेतलेला होता. हा माझा तर्क आहे.

लांबचे

जितकं अंतर जास्त तितकी टाळी मोठी. अमेरिकेतून टीव्ही निवेदिका एलन डिजेनेरेस यांनी ट्विटरवर तिचं अभिनंदन केलं. परदेशी वृत्तसंस्थांची माणसं जाजपूरला पोचली. इंग्रजीतून अग्रलेख आले. हे सगळं मनापासून असेल, आणि देशभरातल्या अनेक एकट्या मुला-मुलींना त्या आठवड्यात बळ मिळालं असेल यात मला शंका नाही. पण टाळी वाजवणाऱ्याला तिच्या आईशेजारी राहायचं नव्हतं, तिच्या बहिणीशी हिशेब करायचा नव्हता. अशा जोडप्याला पाठिंबा द्यायला मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून काही खर्च येत नाही. मलाही आला नाही.

मधल्या अंतरावरच्या लोकांचं वागणं मला जास्त मोलाचं वाटतं. क्रीडा संघटना, ओडिशा सरकार, तिचं विद्यापीठ. यांपैकी कुणी मोठी भाषणं केल्याचं स्मरणात नाही, पण तिचं कामही थांबलं नाही. मे महिन्यात बातमी आली, जुलैमध्ये ती भुवनेश्वरच्या केआयआयटी विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणून इटलीत नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत उतरली, आणि शरद ऋतूत दोहाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या संघात होती. २०१४ मध्ये तिचं नाव यादीतून गेलं होतं. २०१९ मध्ये ते यादीत राहिलं. संस्थेकडून अशा वेळी पाठीवर थाप मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी निवडीचे निकष जागेवर राहणं महत्त्वाचं, कारण थापेवर कुणाचं पोट भरत नाही आणि नाव कापलं गेलं तर करिअर संपतं.

तुलनेला एक उदाहरण पुरे. जस्टिन फॅशानू हा इंग्लंडमधला, दहा लाख पौंड मोजून घेतला गेलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने 'द सन' या वृत्तपत्रातून आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. त्याचा सख्खा भाऊ जॉन, तोही व्यावसायिक फुटबॉलपटू, त्याने जस्टिनशी संबंध नसल्याचं वर्तमानपत्रातून सांगितलं. क्लबांची दारंही हळूहळू बंद होत गेली. मे १९९८ मध्ये जस्टिनने लंडनमध्ये आत्महत्या केली, तेव्हा त्याच्यावर अमेरिकेत लैंगिक अत्याचाराचा आरोप होता, त्यामुळे त्या मृत्यूचं एकच कारण सांगणं बरोबर नाही. मला इथे दिसतो तो भाऊ. दोन्ही प्रकरणांत घरातली दुसरी खेळाडू व्यक्ती सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने विरोधात गेली. एकाच आडनावावर दोघांची प्रतिष्ठा उभी असली की एकाचं जगणं दुसऱ्याला नुकसान वाटू लागतं. फरक असा की फॅशानूकडे जाहीर केल्यानंतर दाखवायला मोठा खेळ उरला नव्हता. द्युतीकडे होता.

११.३२

९ जुलै २०१९, नेपल्स. महिलांची १०० मीटर अंतिम शर्यत. द्युती ११.३२ सेकंदांत पहिली आली. दुसरी आलेली स्वित्झर्लंडची आयला देल पोन्ते ११.३३. या स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण कुणाही भारतीयाने आधी जिंकलेलं नव्हतं. जकार्तात रौप्य मिळालं तेव्हाची वेळही ११.३२ च होती. 'मला खाली खेचा, मी आणखी ताकदीने परत येईन,' अशा अर्थाचं ट्वीट तिने पदकासोबत टाकलं. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांची अभिनंदनं आली.

सात आठवड्यांपूर्वी गावाचं नाव घालवणारी मुलगी पुन्हा देशाचं नाव काढणारी झाली. मला यात आनंद वाटतो तितकीच धाकधूकही वाटते. शतांश सेकंदाचा फरक होता. देल पोन्ते तेवढी पुढे असती तर काय छापून आलं असतं? 'प्रेमप्रकरणामुळे लक्ष विचलित' हा मथळा कुणाच्या तरी मनात तयारच असणार. जिंकली म्हणून स्वीकारली, ही मान्यता उसनवारीची. प्रत्येक शर्यतीला तिचं व्याज भरावं लागतं. तिने काही काळ ते भरलंही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रांचीत ११.२२, जून २०२१ मध्ये पतियाळात ११.१७, दोन्ही राष्ट्रीय विक्रम. त्या सात आठवड्यांत पदक न मिळवणाऱ्या, जिल्हा पातळीवर चौथ्या-पाचव्या येणाऱ्या एखाद्या मुलीने हेच सांगितलं असतं तर तिची बातमीच झाली नसती. नुसताच जाब झाला असता.

पुरुषांच्या क्रिकेटकडे पाहिलं की हे व्याज किती जड आहे ते कळतं. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याने २०११ मध्ये, खेळत असतानाच, आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. भारताच्या पुरुष संघातून खेळणाऱ्या कुणी असं सांगितल्याचं उदाहरण नाही. गल्लीपासून वानखेडेपर्यंत एवढी पोरं खेळतात, त्यांत एकही समलिंगी नसेल यावर विश्वास ठेवायला गणिताशी वैर लागेल.

नंतर

२०२२ च्या जुलैत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनात ब्रिटिश डायव्हर टॉम डेली याच्यासोबत इंद्रधनुषी झेंडे घेऊन काही खेळाडू चालले. राष्ट्रकुलातल्या निम्म्याहून अधिक देशांत समलिंगी संबंध अजून गुन्हा होता, त्याच्या निषेधार्थ. त्या खेळाडूंत द्युती होती. आठ वर्षांपूर्वी याच स्पर्धेला निघताना तिला घरी बसवलं होतं.

मग डिसेंबर २०२२ मध्ये तिचे दोन नमुने घेतले गेले आणि त्यांत बंदी असलेली, स्नायू वाढवणारी द्रव्यं सापडली. ऑगस्ट २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी जाहीर झाली. हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा : उत्तेजकांचा निकाल लवादातल्या तिच्या २०१५ च्या विजयाला खोटं ठरवत नाही आणि तिच्या प्रेमाशी त्याचा काही संबंध नाही. 'आम्हाला आधीच माहीत होतं' म्हणणाऱ्यांना मात्र तिन्ही गोष्टींची एक मोळी बांधायला दोरी मिळाली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. म्हणजे या दोघींचं नातं गुन्हा नाही, पण लग्नही नाही.

बंदीच्या आधी, डिसेंबर २०२२ च्या सुरुवातीला, द्युतीने आपला आणि जोडीदाराचा एक फोटो ट्विटरवर टाकला होता. दोघी नटलेल्या, मागे लग्नाची सजावट. खाली प्रेमाची एक ओळ. काही तासांत 'द्युती चंद विवाहबद्ध' अशा बातम्या झाल्या, शुभेच्छांचा पाऊस पडला. मग तिला खुलासा करावा लागला : लग्न माझं नाही, बहिणीचं आहे, आम्ही दोघी तिथे गेलो होतो.